एक अक्षर, अनेक आकडे

गोव्यातील राचोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची भाषा मराठी. लिपी मात्र रोमन. देवनागरीचे खिळे तेथे उपलब्ध नसल्यामुळे मराठी ओवीला परक्या अक्षरांचा वेष घ्यावा लागला. ज्याला रोमन अक्षरांची ओळख, त्यालाच तो छापील ग्रंथ खुला होता. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली तो देवनागरीत प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ मुद्रणाला ३४० वर्षे लोटली होती. भाषा आपली, पण ती वाहून नेणारे साधन तिच्यासाठी घडलेले नाही, अशी ही अडचण होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक आला, आणि तीच अडचण मराठीपुढे निराळ्या रूपात उभी राहिली.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला केवळ आकडा समजतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो, व तो सर्वांनी मान्य करावा लागतो. रोमन लिपीसाठी अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ ही क्रमांकयादी तयार झाली. तीत ‘ए’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक ६५ आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याने यंत्र बदलले, सॉफ्टवेअर बदलले, तरी हा आकडा बहुतेक सर्वत्र तोच राहिला. देवनागरीला त्या यादीत स्थान नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आपल्या देशात वेळीच झाला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने हाती घेतले. संगणकात बसवावयाचे ‘जिस्ट’ कार्ड हे त्याचेच फळ. भारतीय भाषांसाठी ‘इस्की’ नावाची क्रमांकयादीही सिद्ध झाली आणि १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तीत देवनागरी ‘क’, कन्नड ‘क’ आणि गुजराती ‘क’ यांना एकच क्रमांक होता. लिपी निरनिराळ्या असल्या तरी वर्णमालेची घडण एक, हे तत्त्व तिच्या मुळाशी होते.

तथापि छापखान्यांनी व कचेऱ्यांनी निराळीच वाट धरली. त्या काळी अनेक कंपन्यांनी आपापले मराठी फॉन्ट बाजारात आणले. त्यांची युक्ती सोपी होती. संगणकात साठविला जाई तो इंग्रजी अक्षराचाच क्रमांक. फॉन्ट त्यावर मराठी अक्षराचे केवळ चित्र काढी. पडद्यावर व कागदावर मराठी उमटे. पोटात मात्र मराठी नसे. शिवाय कोणते चित्र कोणत्या क्रमांकावर बसवावयाचे, हे प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे ठरवी.

हे फॉन्ट पसंत करणाऱ्यांना दोष देणे न्यायाचे होणार नाही. टंकलेखन यंत्रावर वर्षानुवर्षे हात बसलेल्या लेखनिकाला ओळखीचा कळफलक हवा होता. जुळारी सुबक जोडाक्षरे पाहून निवड करी. पानजुळणीसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘पेजमेकर’मध्ये काम चालणे, ही तर मालकाची पहिली अट असे. प्रत्येकाची आवड सकारण होती. पण त्या साऱ्या आवडींची बेरीज भाषेला महाग पडली. बेळगावात जुळविलेला मजकूर इंदूरला पाठविला आणि तेथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग उभी राही. मग मजकुरासोबत फॉन्टही पाठवावा लागे, नाहीतर सारे पुन्हा टंकावे लागे.

यातून मार्ग निघाला तो ‘युनिकोड’ या जागतिक क्रमांकयादीमुळे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. येथे ‘क’चा क्रमांक २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. २००० साली आलेल्या ‘विंडोज २०००’मध्ये देवनागरीची सोय झाली, पुढील काही वर्षांत ती लिनक्सवरही रुळली. २००३ च्या १ मे रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो याच पायावर. तरीही घर लगेच नीट लागले नाही. मराठीला हवे असलेले ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. तोवर ‘अ’वर चंद्र देऊन काम भागविले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात, आणि एका रूपाने शोधलेला शब्द दुसऱ्या रूपात असला तर सापडेलच असे नाही.

विंडोज बरे की लिनक्स, संगणक बरा की हातातला फोन, हे वाद आजही रंगतात, आणि ते रंगण्यास हरकत नाही. क्रमांक समाईक असल्यावर यंत्र ज्याने त्याने आपल्या सोयीचे घ्यावे. एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येते. आवड क्रमांकातच शिरली, तेव्हा मात्र शेजाऱ्याचे दार बंद झाले.

त्या बंद दारांमागे अजून पुष्कळ काही पडून आहे. संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका, विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केलेल्या टिपणांच्या फाइली जुन्या फॉन्टांत अडकलेल्या आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. पण फॉन्टचे नाव ठाऊक असावे लागते, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार नि वेलांट्या जाणत्या डोळ्यांनी तपासाव्या लागतात. ते नाव सांगू शकणारे जुळारी आणि लेखनिक आज निवृत्त होत आहेत. त्यांना गाठून, कपाटातल्या जुन्या फाइली त्यांच्यासमोर उघडण्याचे काम गावोगावच्या वाचनालयांनी व शाळांनी अंगावर घेतले, तर क्रिस्तपुराणाला पाहावी लागली तेवढी वाट या मजकुराला पाहावी लागणार नाही.