कानटोपीची कुळकथा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘यंदाचे विणकाम आणि पुढचा बेत’ या विषयावर चार शब्द लिहावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. स्वेटर, मफलर, मोजे यांची नुसती यादी अर्ध्या पानात संपेल. म्हणून त्यातली एकच लहानशी वस्तू मी निवडली आहे : तान्ह्या बाळाची कानटोपी. तिची कुळकथा कळली म्हणजे पुढल्या वर्षाचा बेत आपोआप सुचतो.

मराठीत ‘विणणे’ हा शब्द मोठा ऐसपैस. बुरूड बांबूची टोपली विणतो, खाट विणली जाते, आरमोरीकडचे विणकर कोशाचे कापड विणतात. दोन सुयांवरचे विणकाम मात्र आपल्याकडे पाहुणे म्हणून आले. त्याचे फार जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले असून ते बरेचसे लोकरीचे नव्हेत, तर सुताचे आहेत. पुढे ही कला युरोपात बहरली. १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने मोजे विणण्याचे यंत्र काढले, तरी घरातल्या सुया काही थांबल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी मुलींच्या शाळांतून हे काम आपल्या देशात शिकवले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते इतके आपलेसे केले की, बाळंतविड्यात कुंची-झबल्याशेजारी विणलेली टोपी आणि मोजे जाऊन बसले.

ही कला केवळ फावल्या वेळची हौस नव्हे, हे १९६२ साली दिसून आले. २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले. नेफा आणि लडाखच्या थंडीत आपले जवान अपुऱ्या कपड्यांनिशी लढत आहेत, हे कळताच देशभर बायकामुलींनी सुया हाती घेतल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले, आणि घराघरांतून स्वेटर व मोजे सीमेकडे जाऊ लागले. त्या स्वेटरवर विणणारीचे नाव नसे. कोणी मागितलेही नाही.

परंतु थंडी काही हिमालयातच असते असे नाही. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून परगावची मंडळी आपल्या लोकरीच्या गुंड्यांना हसतात. त्यांनी पौष महिन्यात जंगलातल्या एखाद्या गावी पहाटे बसून पाहावे! शिवाय बाळाची थंडी आपल्याहून वेगळी. ते जन्मते ओले, अंगावर चरबी थोडी आणि अंगाच्या मानाने डोके मोठे. उघड्या डोक्यातून ऊब निघून जाते. कमी वजनाचे बाळ गार पडले की दूध ओढत नाही, आणि दूध न मिळाल्याने आणखी गार पडते.

हे आपल्याच मुलखात किती गांभीर्याने अभ्यासले गेले, ते प्रत्येकीला ठाऊक असावे. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. पुढे त्यांनी ३९ गावांतून गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, श्वास मोजणे, बाळ उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही कामे त्या करू लागल्या. हजारी ६२ असलेले नवजात बालकांचे मृत्यू १९९७-९८ पर्यंत २५ च्या घरात आले. ज्या गावांत हे काम नव्हते, तेथे आकडा जवळपास तसाच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी जाऊन अशी काळजी घेऊ लागल्या. हे यश एकट्या उबेचे नव्हे, औषधाचा त्यात मोठा वाटा आहे. पण उबेवाचून ते पुरे झाले नसते.

यंदा आपल्या मंडळात मफलर व स्वेटरच अधिक विणले गेले. बाजारात ज्याला आपण लोकर म्हणतो, ती बहुधा ॲक्रिलिक असते. ती घाम टिपत नाही. खरी लोकर गरम पाण्यात आटते. म्हणून पुढल्या वर्षी बाळांसाठी मऊ सुताच्या कानटोप्या विणाव्यात, असे मी सुचवते. सूत उकळून धुता येते आणि आपल्या हवेला मानवते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. टोपी त्याहून थोडी लहान घ्यावी व दोन सुलट, दोन उलट असे विणावे, म्हणजे ती ताणून नीट बसते. बंद, गोंडे, मणी काही नकोत. कोशाचे जाड सूत टोचते, ते शबनम पिशव्यांना राखून ठेवावे. आणि उन्हाळ्याच्या दुपारी टोपी काढायची, हे देताना आवर्जून सांगावे.

आणखी एक बेत. विणकाम उसवता येते, हा त्याचा गुण, आणि तोच त्याच्या इतिहासाचा शत्रू. थोरल्याचा स्वेटर उसवून धाकट्याचा होतो, त्याचे पुढे मोजे होतात. पहिलीचा नमुना आणि तिचे नाव दोन्ही धाग्याबरोबर निघून जातात. राजांच्या सनदा राहिल्या, आपल्या आज्यांचे टाके राहिले नाहीत. यासाठी मंडळाने एक वही ठेवावी. नमुना, सुईचा नंबर, टाक्यांची संख्या, विणणारीचे नाव आणि कोणासाठी विणले, एवढे प्रत्येकीने त्यात लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी शेजारणीने लिहावे.

पहिल्या पानावर सुताच्या कानटोपीचा नमुना मी उतरवून ठेवला आहे. दुसरे पान तुमच्यासाठी कोरे आहे.