श्वासनलिकेच्या स्नायुपेशींतील कॅल्शियम-संकेतन व ऑक्सिडीकारक ताण

श्वासनलिकेच्या भिंतीतील अरेखित स्नायू आवळावा की सैल राहावा, हे ठरविणारी कॅल्शियम आयनांची व्यवस्था, आणि धूळ, धूर वा दाह यांतून उपजणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजन-संयुगांनी तीत होणारा बिघाड. दमा व कापसाच्या धुळीचे विकार यांच्या मुळाशी जाताना या विषयाचा विचार करावा लागतो.

विश्रांत स्नायुपेशीच्या द्रवात कॅल्शियम पेशीबाहेरच्या मानाने सुमारे १०,००० पटींनी कमी असते. ॲसिटिलकोलीन ग्राहीवर बसले म्हणजे पेशीतील जालिका आपला साठा मोकळा करते, काही कॅल्शियम बाहेरूनही शिरते, आणि कॅल्मोड्युलिनच्या मध्यस्थीने मायोसिनावर फॉस्फेट चढून स्नायू आवळतो. हे कॅल्शियम लाटांनी उसळते. लाटा जितक्या वारंवार, तितकी नलिका अरुंद. प्रत्येक लाटेमागे ‘सर्का’ नावाचा पंप ते पुन्हा जालिकेत जमा करतो, आणि खरी मेख येथेच आहे. कारण हायड्रोजन पेरॉक्साइड, पेरॉक्सिनायट्राइट इत्यादी संयुगे याच पंपातील गंधकयुक्त गटांवर हल्ला करतात व जालिकेतून कॅल्शियम सोडणाऱ्या रायानोडीन ग्राहींना गळके करतात, त्यामुळे सुटलेले कॅल्शियम वेळेवर परत जात नाही. २००९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी दमेकऱ्यांच्या स्नायुपेशींत सर्का-२ मुळातच घटलेले असल्याचे दाखविले. मात्र अल्प हायड्रोजन पेरॉक्साइड हा पेशीचा नित्याचा निरोप्या होय. त्यास सरसकट विष मानणे गैर.

पूर्वी निजामाच्या अमलात असलेल्या आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळास लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात, जेथे मराठी बोलणारी पुष्कळ वस्ती आहे, हा विषय ग्रंथापुरता उरत नाही. कापसाची वेचणी सुरू झाली की जिनिंगमध्ये रेच्यावर सरकीपासून रुई वेगळी होताना वाळक्या पानांचा चुरा उडतो, आणि त्यावरील जिवाणूंचे अंतर्विष फुप्फुसात दाह चेतविते. दाहाच्या पेशी वरील संयुगे मोकळी सोडतात. कापूस-धुळीच्या रोगात सुटीनंतरच्या पहिल्याच पाळीला छाती आवळते, ही त्याची जुनी खूण. तिचा कॅल्शियमशी लावलेला संबंध मात्र मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशींवरून केलेले अनुमान आहे.

ऑक्सिडीकरणरोधक म्हणून क व ई जीवनसत्त्वे देऊन दमा आटोक्यात आणण्याच्या चाचण्यांनी निराशाच केली. फवाऱ्याचे औषध स्नायू सैल करते, धूळ हटवीत नाही. ते काम रेच्याजवळ बसविलेल्या शोषक पंख्याचे आहे.