तेरा मिनिटांचं टपाल

अंतर सुमारे १० किलोमीटर, वेळ १३ मिनिटं. म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर. आपली स्कूटरसुद्धा मोकळ्या रस्त्यावर याहून जोरात पळते. तरीही हा आकडा टपालाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेलाय, कारण जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल याच वेगानं गेलं. आणि ते लंडन-पॅरिस असं नव्हे, तर अलाहाबाद (आताचं प्रयागराज) ते यमुनेपलीकडचं नैनी!

तारीख १८ फेब्रुवारी १९११. अलाहाबादला तेव्हा मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं आणि कॅप्टन वॉल्टर विंडहॅम यांनी तिथे विमानं आणली होती. एका पाद्र्यांना विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी पैसे हवे होते. त्यातून कल्पना निघाली : विमानातून पत्रं पाठवायची आणि प्रत्येक पत्रामागे सहा आणे देणगी घ्यायची. टपाल खात्यानं नुसती परवानगी दिली नाही, तर खास शिक्काही बनवला. हेन्री पेके नावाचा २३ वर्षांचा फ्रेंच वैमानिक हंबर बायप्लेनमध्ये सुमारे ६,५०० पत्रं घेऊन उडाला, यमुना ओलांडली आणि नैनीला उतरला.

आता खरी गंमत. यमुनेवर रेल्वेचा पूल १८६५ सालापासून होता. नैनीला उतरलेली पत्रं पुढे नेहमीच्या टपालानंच गेली. म्हणजे वेळ किती वाचला? जवळजवळ शून्य. पत्रं गोळा करा, शिक्के मारा, थैली विमानात चढवा, पलीकडे उतरवा : हा सगळा खटाटोप अंतर कितीही असलं तरी तेवढाच. १० किलोमीटरवर तो परवडत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, हा निव्वळ डेमो होता.

पण डेमोला हसू नये, असं माझं मत आहे. साधं पत्र अर्ध्या आण्यात जायचं तेव्हा लोकांनी वर सहा आणे मोजले, ते काही लवकर पोचावं म्हणून नव्हे. कुणाला आठवण हवी होती, कुणाला वसतिगृहाला हातभार लावायचा होता. मात्र त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली : विमान हा नुसता जत्रेतला खेळ नाही, सरकारी टपालाची थैली त्याच्या भरवशावर देता येते. राईट बंधूंच्या पहिल्या १२ सेकंदांच्या उड्डाणाला तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती!

विमानाचा फायदा दिसायला अंतर वाढावं लागलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून सकाळी निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. कराची-मुंबई हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर. इथे तोच चढवा-उतरवीचा खटाटोप सहज वसूल होत होता.

म्हणून कुठल्याही दोन गावांमधला 'फ्लाईट टाइम' ऐकून हुरळून जाण्याआधी आधीचा आणि नंतरचा वेळ मिळवून बघावा. आणि कुणी आपल्या अर्धवट डेमोला "याचा उपयोग काय?" असं विचारलं, तर त्याला खुशाल नैनीची गोष्ट सांगावी. तिथून जुहूपर्यंत यायला एकवीस वर्षं लागली, पण सुरुवात त्या तेरा मिनिटांचीच.