गोळीचा वेग मोजणारा लंबक

बंदुकीतून सुटलेली गोळी डोळ्यांना दिसत नाही. मग तिचा वेग मोजायचा कसा? आज हे काम इलेक्ट्रॉनिक उपकरण क्षणात करते. 1742 साली मात्र सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळच नव्हते. त्या वर्षी बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने आपल्या तोफशास्त्रावरील पुस्तकात एक तोडगा मांडला. वेगवान गोळीचा वेग मोजता येत नसेल, तर तिला एखाद्या जड वस्तूत रुतू द्यावे आणि त्या वस्तूचा संथ वेग मोजावा!

रॉबिन्सने लाकडी फळी लावलेला सुमारे 56 पौंडांचा लंबक टांगला. त्यावर पाऊण इंच व्यासाची, एक द्वादशांश पौंड वजनाची शिशाची गोळी झाडली. लंबक मागे झुलला की त्याला जोडलेली फीत ओढली जाई. फितीच्या लांबीवरून झोक्याची उंची व उंचीवरून लंबकाचा सुरुवातीचा वेग काढता येई. संवेग अक्षय्य असतो आणि लंबक गोळीच्या 672 पट जड आहे. तेव्हा लंबकाचा वेग साधारण अडीच फूट आला, तर गोळीचा सेकंदाला सुमारे 1,650 फूट. (लंबक आसाभोवती फिरतो, त्यासाठीची दुरुस्ती येथे सोडून दिली आहे.)

येथे विद्यार्थी हमखास चुकतात. ते संवेगाऐवजी गतिज ऊर्जेचे समीकरण मांडतात. तसे केल्यास गोळीचा वेग निघतो सेकंदाला 65 फुटांच्याही आत. एखाद्या मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येतो! गोळीची बहुतेक सर्व ऊर्जा लाकूड फोडण्यात आणि उष्णतेत जाते. झोक्यासाठी उरतो तो जेमतेम 673 वा भाग.

या आकड्याने तोफखान्याच्या हिशेबाला धक्का दिला. हवेचा विरोध नगण्य धरून गॅलिलिओच्या अन्वस्तावरून पल्ला काढण्याची रीत होती. 1,650 फूट वेगाने 45 अंशांत उडवलेला 24 पौंडी गोळा त्या हिशेबाने 16 मैल जायला हवा. प्रत्यक्षात तो तीन मैलही जात नसे. ऑयलरला या पुस्तकाचे महत्त्व इतके वाटले की, 1745 साली त्याने स्वतःच्या विस्तृत टिपांसह त्याचे जर्मन भाषांतर केले.

वेगानंतर प्रश्न येतो अचूकतेचा. रॉबिन्सने एका बंदुकीच्या नळीचे टोक डावीकडे वाकवले आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी अपेक्षेप्रमाणे डावीकडे गेली, पण पुढे वळून उजवीकडे! नळीच्या उजव्या भिंतीला घासल्यामुळे तिला गिरकी मिळाली होती आणि हवेने तिला बाजूला ढकलले होते. साध्या नळीत अशी गिरकी दर वेळी वेगळी असते, म्हणून नेम चुकतो. आटे पाडलेल्या नळीत गिरकीचा आस गोळीच्या मार्गाच्याच दिशेत राहतो. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांच्या डागडुजीसाठी भारतात आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

संवेगाचे तेच गणित 1907 साली विंचेस्टर कंपनीने बाजारात आणलेल्या अर्धस्वयंचलित शिकारी रायफलीत दिसते. तिचा बोल्ट अडकवलेला नसतो, केवळ जड असतो. गोळी पुढे जाते तितक्याच संवेगाने तो मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर टाकतो आणि नवे आत घेतो. जडपणामुळेच तो सावकाश सरकतो व तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. काडतूस दुबळे निघाले तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रायफल अडते. म्हणून अशा रायफलीत केवळ सरासरी वेग पाहून भागत नाही. प्रत्येक काडतूस सारखे हवे.

अचूकता ठरवताना मात्र एक फसगत होते. लक्ष्यावरील सर्वांत दूरच्या दोन भोकांतले अंतर मोजण्याची पद्धत आहे. तीन गोळ्यांचा झुबका पाहून रायफलीची वाहवा केली जाते. परंतु भोके नेहमीच्या घंटाकृती वितरणाने पसरत असतील, तर त्याच रायफलीच्या दहा गोळ्यांचा झुबका सरासरीने दीडपटीहून थोडा अधिक मोठा येतो. तेव्हा एकीच्या तीन आणि दुसरीच्या दहा गोळ्यांची तुलनाच होऊ शकत नाही. हे वर्गात पाहायचे असेल, तर पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर पसरा आणि डोक्याच्या उंचीवरून एका खुणेवर गोट्या टाकायला सांगा. प्रत्येकाने आधी तीन, मग पुसून न टाकता आणखी सात.