लाल मातींतून गादीवर

कऱ्हा नदी बारामतीवरून वाहत जाऊन सोनगांवापाशीं नीरेस मिळते, आणि नीरा पुढें इंदापूर तालुक्याच्या टोंकाशीं, नरसिंहपुरास, भीमेच्या ओटींत आपलें पाणी घालते. हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला, तेव्हां कोठें येथील रानें हिरवीं झालीं आणि पुढें उंसाचा पैसा गांवांत खेळूं लागला. परंतु कालव्याच्या आधीं आणि कालव्याच्या नंतरहि येथील जत्रांचें एक अंग बदललें नाहीं. ग्रामदैवताची पालखी ज्या उत्सुकतेनें पाहिली जाते, त्याच उत्सुकतेनें कुस्त्यांचा फडहि पाहिला जातो.

ऊन कललें कीं हलगी कडाडूं लागते. प्रथम पोरासोरांच्या रेवड्यांवरील कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रुपयांच्या, आणि चढत चढत अखेरची मानाची कुस्ती. जोड लावण्यास येथें तराजू लागत नाहीं. मल्लाला मैदानांतून फिरवितात. त्याच्या तोलाचा आपण आहों असें वाटणारा दुसरा मल्ल पुढें येतो. पंच दोघांना शेजारीं उभे करून नजरेनें जोखतात आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातांत देतात. त्यानंतर पाठ मातीला लागेपर्यंत निकाल नाहीं. कुस्ती अर्धा तास चालो कीं घटकाभर, प्रेक्षक उठत नाहीं. ज्या मातींत हा खेळ होतो तीहि साधी माती नव्हे. तेल, ताक, हळद आणि लिंबू पिऊन ती मऊ झालेली असते, आणि तालमींतील हौदाची ती माती कपाळाला लावल्यावांचून मल्ल आंत पाऊल टाकीत नाहीं.

बारामती-इंदापुराकडील फडांत जी कुस्ती दिसते, तीच थोड्याफार फरकानें सातारा, सांगली, कोल्हापूर आणि बेळगांव या भागांत शतकानुशतकें चालत आली आहे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं तिला राजाश्रय दिला. रोमच्या प्राचीन रंगमंडलाचा नमुना मनांत धरून त्यांनीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान बांधविलें. असा मातीवर वाढलेला मल्ल जगाच्या मैदानांत उतरला तेव्हां त्याचें काय झालें, हा मोठा मनोरंजक आणि कांहींसा कष्टदायक इतिहास आहे.

त्याचा पहिला अध्याय पुण्यांतच लिहिला गेला. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. १९१९ सालीं तिच्या क्रीडास्पर्धांस सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून उपस्थित होते. अनवाणी धांवणाऱ्या खेड्यांतील तरुणांचा वेग पाहून ते चकित झाले, आणि या मुलांना युरोपांत कां पाठवूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला. दुसऱ्याच वर्षीं बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा पहिला चमू निघाला. त्याच्या खर्चाचा मोठा भार टाटांनीं स्वतः उचलला. त्या चमूंत कुमार नवले आणि रणधीर शिंदे असे दोन मल्ल होते. नवल्यांचा लौकरच पराभव झाला. शिंदे मात्र फेदरवेट गटांत उपांत्य फेरीपर्यंत पोंचले, आणि तिसऱ्या क्रमांकासाठीं झालेल्या कुस्तींत ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरून चवथे आले. त्याच सामन्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यत २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावे आले होते. परदेशांतील थंडी, अनोळखी अन्न आणि परके नियम यांच्याशीं प्रथमच गांठ पडलेल्या या मंडळींची ही कामगिरी थोडी म्हणतां येणार नाहीं. परंतु शिंदे यांचें नांव आज किती जणांना ठाऊक आहे?

गादीवरील कुस्तीचा न्याय मातीच्या न्यायाहून भिन्न आहे. तेथें मल्ल आधीं तराजूवर चढतो आणि आपल्याच वजनाच्या माणसाशीं लढतो. वेळेला मर्यादा असते. १९५२ च्या सुमारास ती पंधरा मिनिटांची होती. तेवढ्यांत कोणी चीत न झाल्यास पंच आपापला कौल देत. मातींत पाय रुतवून प्रतिस्पर्ध्याला दमविण्याची जी कला मल्ल लहानपणापासून शिकतो, ती गादीवर फारशी उपयोगी पडत नाहीं. तेथें चपळाईनें पट काढावा लागतो, क्षणांत गुण मिळवावा लागतो आणि मिळविलेला गुण राखावाहि लागतो. मातीचा मल्ल गादीवर हरला, म्हणजे तो दुबळा ठरला असें नव्हे. तो परक्या कायद्याच्या न्यायालयांत उभा असतो, इतकेंच.

हा परका कायदा ज्यानें प्रथम आत्मसात् केला तो कराडजवळील गोळेश्वर गांवचा खाशाबा दादासाहेब जाधव. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील स्वतः मल्ल. पांच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पांचव्या वर्षींच त्यांना मातीचा संस्कार झाला. कराडच्या टिळक हायस्कुलांत आणि पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. शरीर आडदांड नव्हे. पहिल्या भेटींत कोणी त्यांस मल्ल म्हणून ओळखलेंहि नसतें. परंतु त्यांच्या अंगीं जी चपळाई होती, ती पुढें गादीवर त्यांचें भांडवल ठरली.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें गेले. तेथें रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराकडून त्यांना गादीचें शिक्षण मिळालें. ज्या खेळाडूला गादीची संवय जवळ जवळ नव्हती, तो त्या सामन्यांत फ्लायवेट गटांत सहावा आला. एकाद्यानें एवढ्यावर समाधान मानलें असतें. खाशाबा परत येऊन आपल्या तालमींत अधिकच कष्टूं लागले.

१९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याचा प्रश्न आला, तेव्हां पहिली कुस्ती पैशाशीं झाली. गोळेश्वरच्या व आसपासच्या गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. कराडच्या दुकानदारांनीं हातभार लावला. तरीहि रक्कम पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राध्यापकाच्या पगारावर जगणाऱ्या माणसानें एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठीं डोक्यावरचें छप्पर पणाला लावावें, ही गोष्ट कोणत्याहि पदकाहून लहान नाहीं. विद्यार्थी हरून आला असता, तर तें घर कसें सोडवावें, याचा हिशेब प्राचार्यांनीं मांडला असेल असें वाटत नाहीं.

हेलसिंकी येथें खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलोंच्या गटांत उतरले. कॅनडाचा पोलिकँ, मेक्सिकोचा बासुर्टो आणि जर्मनीचा श्मिट्झ हे तिघे त्यांच्याकडून पराभूत झाले. अखेरच्या टप्प्यांत जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव या दोघांशीं गांठ पडली. त्या दोन कुस्त्या त्यांना पुरेशा विश्रांतीवांचून लढाव्या लागल्या, आणि नियमांवर बोट ठेवून त्यांच्या बाजूनें भांडणारा भारतीय अधिकारी त्या वेळीं तेथें नव्हता. दोन्ही कुस्त्या गेल्या. इशीला सुवर्णपदक मिळालें, मामेदबेकोवला रौप्य, आणि २३ जुलै १९५२ रोजीं खाशाबांच्या गळ्यांत कांस्यपदक पडलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढें १९९६ सालीं अटलांटा येथें लिअँडर पेसनें टेनिसमध्यें कांस्यपदक मिळवीपर्यंत, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षें, त्याला जोड मिळाली नाहीं.

त्याच हेलसिंकींत कोल्हापूरकडील केशव माणगावे हे दुसरे मराठी मल्ल फेदरवेट गटांत चवथे आले. बत्तीस वर्षांपूर्वीं शिंदे ज्या पायरीवर थांबले, त्याच पायरीवर माणगावेहि थांबले. चवथ्या क्रमांकास पदक नसतें आणि म्हणून त्याला स्मरणहि नसतें.

खाशाबा कराडास परतले, तेव्हां स्टेशनावर लोटलेली गर्दी आणि शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक यांमुळें गोळेश्वरचें थोडकें अंतर कापावयास कित्येक तास लागले. जल्लोष ओसरल्यावर त्यांनीं पहिलें काम कोणतें केलें, हें सांगण्यासारखें आहे. त्यांनीं कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि त्यांतून आलेला पैसा प्राचार्य खर्डीकरांच्या हातीं दिला. घर सुटलें. जी लाल माती सोडून ते परदेशच्या गादीवर गेले होते, त्याच मातीनें त्यांचें ऋण फेडलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार म्हणून लागले. तेथें त्यांची नोकरी जवळ जवळ सत्तावीस वर्षें झाली आणि अखेरीस ते असिस्टंट पोलीस कमिशनरच्या हुद्यावरून निवृत्त झाले. या काळांत त्यांच्या ऑलिंपिक पदकाचें देशानें काय केलें? अर्जुन पुरस्कार १९६१ सालीं सुरू झाला. खाशाबांच्या हयातींत तो त्यांच्या वाट्यास आला नाहीं. १९८२ च्या दिल्ली आशियाई सामन्यांत ज्योत वाहणाऱ्यांत त्यांना स्थान मिळालें, एवढाच काय तो मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. त्यानंतर सुमारें सोळा वर्षांनीं अर्जुन पुरस्कार आला, आणि २०१० सालीं दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें. मरणोत्तर सन्मान देणाऱ्यांचें मन मोठें असतें. परंतु तो घेणारा तेथें नसतो.

खाशाबांच्या पाठोपाठ गादीवर उतरलेले मराठी मल्ल थोडे नव्हेत. १९५९ सालीं श्रीपति खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. दुसऱ्या वर्षीं तो मान शिराळा तालुक्यांतील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांच्याकडे गेला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई सामन्यांत आंदळकरांनीं आणि कवठेपिरानच्या मारुती माने यांनीं प्रत्येकीं एक सुवर्ण व एक रौप्य अशीं पदकें आणलीं. ते वर्ष महाराष्ट्राच्या कुस्तीचें सुवर्णवर्ष म्हणावयास हरकत नाहीं. त्याच सुमारास महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली आणि गदा हें प्रत्येक तालमींतील पोराचें स्वप्न झालें.

येथेंच या इतिहासास एक वळण लागलें. गदा मोठी, तिचा मान मोठा, आणि फडावरील इनामहि पुढें पुढें मोठें होत गेलें. गांवोगांवच्या जत्रांत नांव निघालेल्या मल्लास वर्षभर कुस्त्या मिळतात. त्यावर त्याचा खुराक चालतो, बैठका-जोर चालतात, घरहि चालतें. मग वजन उतरवून, परके नियम शिकून, पंचांच्या गुणांवर अवलंबून राहण्याच्या वाटेस त्यानें कां जावें? उत्तरेकडील, विशेषतः हरियाणांतील, आखाड्यांनीं गादी लौकर जवळ केली आणि २००८ पासून ऑलिंपिकमधील भारताचीं कुस्तीचीं पदकें मुख्यतः तिकडच्या मल्लांनीं आणलीं. महाराष्ट्रांतील वस्तादांस हें दिसत नव्हतें असें नाहीं. मातीवरचें प्रेम आणि मातीवरची कमाई, दोन्ही एकाच वेळीं सोडणें कठीण होतें.

महाराष्ट्राच्या वाट्यास दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक येण्यास खाशाबांनंतर बहात्तर वर्षें लागलीं. तें आलेंहि कुस्तींत नव्हे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या नेमबाजींत कांस्यपदक पटकाविलें, तेव्हां महाराष्ट्रभर वर्तमानपत्रांतून गोळेश्वरच्या खाशाबांचें नांव त्याच्या शेजारीं पुन्हां छापून आलें.