स्वमग्नता-संशोधन : बोलू न शकणाऱ्यांचा सहभाग

मुळीच न बोलणाऱ्या किंवा मोजकेच शब्द वापरणाऱ्या स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींना अभ्यासात सामावून घेण्याच्या पद्धती व नियम. सुमारे २५ ते ३० टक्के स्वमग्न मुले शाळेच्या वयातही अत्यल्प बोलतात. संशोधनात मात्र ती क्वचितच आढळतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०१ अभ्यासांची छाननी २०१९ मध्ये झाली. त्यांतील लाखभर स्वमग्न सहभागींपैकी ९४ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती. बौद्धिक अक्षमता आणि न बोलता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण तोंडी उत्तरे मागणाऱ्या चाचण्या, अनोळखी खोली आणि लांबचा प्रवास यांमुळे दोन्ही गट वगळले जातात.

सीमाभाग : बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात अनेक घरांत मराठी, तर सरकारी व्यवहारात कन्नड चालते. कन्नड चाचणीत मराठी घरातले मूल गप्प राहिले, तर कारण स्वमग्नता की भाषा, हे ठरवता येत नाही. म्हणून आधी घरची भाषा आणि मुलाच्या घरच्यांना कळणाऱ्या खुणा नोंदवाव्या लागतात. अशा नोंदी घरोघरी घेण्यासाठी उपयोगी पडेल असा, गावपातळीवर काटेकोर चाचणी घेण्याचा अनुभव बेळगावला आहे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांचा सहभाग असलेली, बेळगाव जिल्ह्यातील १,६२० बाळंतिणींवरील मिसोप्रोस्टॉल औषधाची चाचणी २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, तीत औषध देण्याचे काम गावोगावच्या परिचारिका-प्रसाविकांनी केले.

गोव्यातील प्रयोग : ‘संगत’ या संस्थेच्या सहभागाने गोवा व रावळपिंडी येथे २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांसह ‘पास’ या पालक-मार्गदर्शन पद्धतीची चाचणी झाली (२०१६). तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना त्यांच्याच खेळाच्या चित्रफिती दाखवून मार्गदर्शन केले. मूल स्वतःहून किती वेळा संवाद सुरू करते, हे चित्रफितीवरून मोजले गेले आणि त्यात वाढ दिसली. खेळाच्या चित्रणावर आधारलेल्या अशा मोजणीत न बोलणारे मूलही मोजले जाते.

संमती व साधने : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ नुसार संशोधनासाठी व्यक्तीची मुक्त व माहितीपूर्ण संमती तिला उपलब्ध असलेल्या संवादमार्गाने घ्यावी लागते. शिवाय, किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा नोंदणीकृत दिव्यांग-संघटनांचे असलेल्या समितीची पूर्वपरवानगी लागते. पालकांची सही झाली, तरी मुलाने मान फिरवली, हात झटकला किंवा दाराकडे धाव घेतली, तर तो नकार मानून थांबावे. संवादासाठी चित्रफलक किंवा आयआयटी मुंबईने तयार केलेले, मराठीतही चालणारे ‘जेलो’ अ‍ॅप उपयोगी पडते. मात्र मदतनीसाने हात धरून किंवा अक्षरफलक पुढे करून काढून घेतलेली उत्तरे त्या व्यक्तीचीच आहेत, असे गृहीत धरू नये. अमेरिकेच्या वाक्-श्रवण संघटनेने २०१८ मध्ये अशा पद्धतींविरुद्ध भूमिका घेतली आहे.

ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच वगळून काढलेले निष्कर्ष सर्व स्वमग्न व्यक्तींना लागू करणे अशास्त्रीय आणि अन्यायकारक आहे.