उचलता येणारी फरसबंदी

मराठीत 'ड्राइव्हवे'ला शब्द नाही. फाटकापासून दारापर्यंतच्या जागेला आपण अंगण म्हणतो, कोकणात तिचे खळे होते. पण गाडीसाठी राखलेली वाट म्हणून तिला वेगळे नाव पडले नाही. चाकाने केलेल्या वाटेला मात्र आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे: चाकोरी. बैलगाडीच्या दोन चाकांनी मातीत पाडलेल्या दोन रेघा. पुढे तो शब्द माणसांच्या वागण्याला चिकटला आणि चाक मागे राहिले. आता बंगल्यासमोर मोटार उभी राहू लागल्यापासून अंगणात पेव्हर ब्लॉक आले. कोणता रंग घ्यावा, कोणती नक्षी घ्यावी, हे विचारणारे मला पुष्कळ भेटतात. या ठोकळ्यांचा इतिहास कोणी विचारत नाही. माझ्या मते रंग ठरवण्याआधी तोच माहीत असावा, कारण अंगण बिघडते ते या इतिहासातली एक गोष्ट विसरल्यामुळे.

ती गोष्ट नेदरलँड्समधली आहे. त्या देशाच्या पश्चिम भागातली बरीचशी जमीन समुद्रसपाटीखाली, मऊ आणि सतत खचणारी. अशा जमिनीवर अखंड पक्का रस्ता केला तर तो जागोजागी तडकतो. डच लोकांनी म्हणून खूप भाजलेल्या कडक विटा वाळूच्या थरावर नुसत्या शेजारी शेजारी उभ्या लावल्या. रस्ता खचला की विटा उचलायच्या, वाळूची भर घालायची आणि त्याच विटा परत बसवायच्या. खालून पाण्याचा नळ न्यायचा असला तरी तेच. रस्ता फोडण्याऐवजी तिथे रस्ता उचलतात. 14 मे 1940 रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. युद्ध संपल्यावर देशभर घरे बांधायची होती आणि विटांची टंचाई होती. तेव्हा रस्त्यासाठी विटेच्याच मापाचे सिमेंट-काँक्रीटचे ठोकळे पाडायला सुरुवात झाली. आज आपल्या दारात येणाऱ्या पेव्हर ब्लॉकचा जन्म हा असा, टंचाईतून.

त्याचे साधे माप अजूनही विटेजवळचेच आहे: 200 मिलिमीटर लांब, 100 मिलिमीटर रुंद. रुंदी अशी, की कारागिराच्या एका पंजात ठोकळा मावावा. लांबी रुंदीच्या दुप्पट, म्हणजे आडवे-उभे कसेही जुळावेत. 1960च्या दशकात जर्मनीत फ्रिट्झ फॉन लांग्सडॉर्फ यांनी नागमोडी कडांचा ठोकळा आणला. आपल्याकडच्या 'झिगझॅग' ब्लॉकचे कूळ तेच. ब्रिटनमध्ये 1976 साली जॉन नॅप्टन यांनी अशा रस्त्यांच्या आखणीवर एक अहवाल लिहिला आणि तिथल्या अभियंत्यांनी हा प्रकार गंभीरपणे घेतला.

यातले शास्त्र सांध्यात आहे. दोन ठोकळ्यांमध्ये दोन ते पाच मिलिमीटरची फट ठेवून तीत कोरडी बारीक वाळू झाडूने भरतात. चाकाचा भार एका ठोकळ्यावर आला की वाळूच्या घर्षणामुळे तो शेजाऱ्यांवर वाटला जातो. सिमेंटने चिकटवण्याची गरजच नाही. गरज असते ती काठाची. कडेला पक्का बसवलेला दगड नसेल तर बाहेरची रांग सरकते, फटी रुंदावतात, वाळू वाहून जाते आणि सगळे अंगण हळूहळू सैल होते.

नक्षीही शोभेसाठी जन्मलेली नाही. गाडी वळते, ब्रेक लागतो, तेव्हा चाक ठोकळ्यांना आडवे ढकलते. सरळ रांगांत सांधे एका रेषेत असतात, त्यामुळे रांगच्या रांग सरकू शकते. माशाच्या काट्यासारख्या तिरप्या मांडणीत, जिला हेरिंगबोन म्हणतात, एकही सांधा लांबवर सलग जात नाही. रोमन लोक विटांची अशी जमीन करत आणि ती गव्हाच्या लोंबीसारखी दिसते म्हणून तिला 'ओपस स्पिकाटम' म्हणत. दोन हजार वर्षे लोकांना ती सुंदर वाटत आली आहे. गाडी उभी राहायच्या जागेसाठी मी दुसरी कुठलीही मांडणी सुचवत नाही. पायवाटेला हवे ते करावे.

सुट्या ठोकळ्यांचा एक अवांतर इतिहासही आहे. मे 1968मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी रस्त्याचे दगडी चिरे उचलून पोलिसांवर फेकले. पुढे सरकारने लॅटिन क्वार्टरमधल्या रस्त्यांवर डांबर घातले. उचलता येण्याचा गुण प्रत्येकाला सोयीचा असतोच असे नाही.

घराच्या अंगणातला खरा वाद पेटला तो इंग्लंडमध्ये. तिथली जुनी घरे मोटारीच्या आधीची. समोर छोटी बाग, रस्त्यावर गाडी. गाड्या वाढल्या तशा बागा ठोकळ्यांखाली गेल्या. 2007च्या उन्हाळ्यात अतिवृष्टी झाली आणि हल शहरात हजारो घरांत पाणी शिरले. ते नदीचे नव्हते. गटारांना न पेललेले पावसाचे होते. 1 ऑक्टोबर 2008पासून इंग्लंडमध्ये नियम आला: घरासमोर पाच चौरस मीटरपेक्षा मोठी, पाणी न मुरणारी फरसबंदी करून तिचे पाणी रस्त्याकडे सोडायचे असेल, तर परवानगी घ्यावी लागेल. पाणी मुरू दिले किंवा बागेच्या वाफ्यात वळवले, तर परवानगीची गरज नाही. पाच चौरस मीटर म्हणजे आपली एक लहान खोलीसुद्धा नव्हे. मला हा नियम फार शहाणा वाटतो.

आपल्याकडे 2006मध्ये आयएस 15658 हे मानक आले. हलक्या वाहतुकीला 60 मिलिमीटर जाडीचा ठोकळा, मध्यम वाहतुकीला 80, असे त्यात दिले आहे. घरच्या मोटारीला 60 पुरतो. पण प्रत्यक्ष काम होते ते असे: खाली सपाट पीसीसी, वर कच, त्यावर ब्लॉक आणि शेवटी फटींत सिमेंटची रबडी. ठोकळा उचलता येत नाही, पाणी खाली जात नाही. डच लोकांनी शोधलेले दोन्ही गुण घालवून आपण फक्त चेहरा घेतला. नुसती वाळू भरलेल्या फटीही काही वर्षांत मातीने बुजतात, हे खरे. म्हणून पाणी मुरवायचे असेल तर फट थोडी रुंद ठेवून तीत बारीक खडी भरावी आणि खाली मुरमाऐवजी भुकटी नसलेली मोठी खडी घालावी. मुरूम दाबला की तो पाणी अडवतो.

ढाळ घरापासून बाहेर, साधारण साठास एक. ठोकळ्यांची पातळी जोत्यातल्या ओल अडवणाऱ्या थराच्या किमान 15 सेंटिमीटर खाली, नाहीतर पावसाळ्यात भिंती ओल धरतात. रंगांविषयी माझे मत जुनाट आहे. जांभ्याचा तांबडा आणि आपल्या काळ्या दगडाचा करडा, एवढे दोन पुरेत. काठाला एक गडद रांग, आत एकच रंग. पिवळ्या-हिरव्या चांदण्या पहिल्या दिवाळीला खुलतात आणि सिमेंटचा पृष्ठभाग झिजला की विटतात. कोकणातली जांभ्याची पाखाडी पाहावी: एकच दगड, आणि कुठेही कंटाळवाणी नाही.

राहिला हिशेब. फाटकापासून दारापर्यंत दहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद पट्टा पूर्ण बंद केला, तर 30 चौरस मीटर जागा झाकली जाते. तासाभरात 50 मिलिमीटरची एक सर आली की तेवढ्यावरून 1,500 लिटर पाणी रस्त्यावर जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या हिशेबाने 28,000 लिटरपेक्षा जास्त. अशा दिवशी कुठलीच खडी पुरी पडत नाही, पण असे दिवस थोडे आणि पहिल्या प्रकारच्या सरी दरवर्षीच्या.

अमेरिकेत 1920 आणि 30च्या दशकांत बांधलेल्या अनेक साध्या घरांपुढे याचे स्वस्त उत्तर दिसते. चाकांपुरते दोन पट्टे पक्के आणि मध्ये गवत. पट्टा 60 सेंटिमीटर रुंद धरला तर दहा मीटरला 12 चौरस मीटर भरतात. त्याच सरीत 600 लिटर पाणी, आणि त्यातले बरेचसे मधल्या गवतातच उतरते. पट्ट्यांच्या दोन्ही कडा मात्र दगडाने बांधाव्या लागतात, म्हणून काठाचे काम दुप्पट होते. गवंडी कुरकुरतो. त्याला 'ड्राइव्हवे' म्हणून समजावत बसण्यापेक्षा दोन चाकोऱ्या फरसबंद करायच्या आहेत म्हणून सांगावे, लगेच कळते.